पाच महिने, चार हिवाळी टायर आणि एक पिवळा दिवा

काल उन्हाळी चाकं परत चढवली आणि डॅशबोर्डवरचा टायरमधल्या हवेच्या दाबाचा पिवळा दिवा एकदाचा विझला. पाच महिने तो माझ्याकडे बघत होता. राग शिळा व्हायच्या आत लिहून टाकतो.

आम्ही सप्टेंबरात पुण्याहून कॅनडात मॉन्ट्रियलला आलो. इथल्या क्विबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे, नसले तर 200 ते 300 डॉलर दंड, हे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ऐकवतं. मी त्यातून 'शेवटची तारीख 30 नोव्हेंबर' एवढंच ऐकलं. इन्कम टॅक्सचं रिटर्न असंच भरायची सवय. नोव्हेंबर अर्धा झाल्यावर फोन फिरवायला घेतले, तर बहुतेक गॅरेजांच्या तारखा डिसेंबरात गेलेल्या. एका छोट्या दुकानात कशीबशी 28 नोव्हेंबर मिळाली. तोवर एक बर्फ पडून गेला होता. कोट-दे-नेजच्या उतारावर (फ्रेंच नावातच बर्फ आहे, तरी मला अक्कल आली नाही) ब्रेक दाबून धरला, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) पायाखाली खडखडत राहिलं आणि गाडी सिग्नल ओलांडून स्वतःच्या मर्जीने थांबली. पुढे कुणी नव्हतं, म्हणून निभावलं.

आता पैशाचं. चार टायर, चार साधे लोखंडी रिम आणि बसवणावळ मिळून 1,050 डॉलर. रिम वेगळे असले की वर्षातून दोनदा टायर उचकटून बसवायचा खर्च वाचतो, आणि तो हिशोब मला आजही पटतो. दुकानदाराने विचारलं, हवेच्या दाबाचे सेन्सर टाकू का आत? चारांचे 260. मी मनातल्या मनात रुपये केले आणि नको म्हणालो. तोही म्हणाला, "बरेच जण घेत नाहीत. फक्त दिवा लागेल."

फक्त! चाकांत सेन्सर सापडत नाहीत म्हणून गाडी चालू केली की तो आधी मिनिटभर लुकलुकणार, मग पोहोचेपर्यंत ढिम्म पेटून राहणार. इथे डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, त्यामुळे घरी येताना अख्ख्या गाडीत तोच दिसतो. शेवटी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. बायको म्हणाली, "260 डॉलर वाचवले आणि आता दिव्याला बुरखा?" पट्टी काढली.

टायरांबद्दलचं माझं मत मात्र डिसेंबरातच बदललं. तोपर्यंत हा सगळा टायरवाल्यांचा धंदा आहे असंच वाटत होतं. साधारण सात अंशांच्या खाली नेहमीचं रबर कडक होऊन रस्त्यावरची पकड सोडायला लागतं. हिवाळी रबर मऊ राहतं, आणि त्याच्या ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. हे वाचलेलं होतं. पटलं ते त्याच उतारावर, ताज्या बर्फात, गाडी थांबवायची तिथे थांबली तेव्हा. म्हणून उड्या मारू नयेत. जानेवारीत पडता पडता गोठणारा पाऊस झाला आणि रस्त्यावर काचेसारखा थर बसला, तेव्हा हेही टायर घसरले. त्या दिवशी गाडी ठेवून मेट्रोने गेलो. इथली मेट्रोही रबरी टायरवरच धावते, पण सगळी जमिनीखालून, तिला कसली काळजी.

फेब्रुवारीत पारा उणे 24 वर गेला. गाडी उजवीकडे ओढत होती. बर्फात पडलेल्या चाकोऱ्यांमुळे असेल म्हणून आठवडाभर दुर्लक्ष केलं. थंडीत दाब उतरतोच, दर पाच-सहा अंशांना अंदाजे एक पीएसआय (दाब मोजायचं एकक). उबदार गॅरेजात भरलेले 33 बाहेर 25 वर येणार, हे गणित मी नंतर केलं. पेट्रोल पंपावर मोजलं, तर तीन चाकांत 25-26 आणि उजव्या पुढच्या चाकात 16! ज्याने सांगायचं, तो दिवा नोव्हेंबरपासून नुसताच पेटून बसलेला. खरं कारण असतानाही तसाच आणि नसतानाही तसाच.

दुकानात गेलो, दुकानदाराने चाकावर साबणाचं पाणी मारलं. आपला पंक्चरवाला घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधतो, त्याचाच हा भाऊ. बुडबुडे व्हॉल्व्हच्या बुडाशी. व्हॉल्व्ह त्यानेच बसवलेला. तरी म्हणतो, "100 किलोमीटरनंतर नट तपासायला आला नाहीत, म्हणून जबाबदारी आमची नाही." नट चाकाचे, गळती व्हॉल्व्हची, संबंध काय? त्याच्या फ्रेंचमध्ये आणि माझ्या इंग्रजीत वीस मिनिटं हे चाललं. 35 मागत होता, 20 घेतले. वर सांगतो की सेन्सर घेतले असते तर व्हॉल्व्ह त्यांचेच आले असते. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाकी किरकोळ. काचेवर मारायचं पाणी उणे 40 चं घ्या, नळाचं टाकाल तर टाकी फुटेल. 12 डॉलरचा दाबमापक घेतलाय, दर रविवारी चारही चाकं मोजायचो, हातमोजे काढून. टायरांना दहापैकी नऊ, मला स्वतःला चार.

हिवाळी चाकं सध्या बाल्कनीत एकावर एक रचलीत, वर बायकोने कुंडी ठेवलीय. काल दुकानातून निघताना सेन्सरचा भाव पुन्हा विचारला. 290 झालाय. बघतो म्हणालो.