नायिका पळणार कशी: कोकण रेल्वेने की खाडीच्या फेरीने?

मुंबईतून निसटलेली बाई गोव्याच्या दिशेने पळते आहे, तिच्या मागावर एक माणूस आहे, आणि सिनेमा करणाऱ्याकडे छोटं युनिट व मोजका पैसा. असा थरारपट कोकणात बेतायचा तर लिहितानाच ठरवावं लागतं: तिला रेल्वेने न्यायचं की किनाऱ्याकिनाऱ्याने, फेरीबोटींवरून? मी फेरी निवडली. रेल्वेची बाजू मात्र मुळीच लंगडी नाही, म्हणून आधी तीच.

रेल्वेचं बळ म्हणजे कोंडी. शोधणारा गाडीच्या एका टोकापासून सुरुवात करतो आणि नायिकेपुढचे डबे संपत जातात. प्रेक्षकाला काही समजावावं लागत नाही. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. ताशी शंभरच्या वेगातसुद्धा चार मिनिटं अंधार, खडखडाट आणि मोबाइल बंद. मार्ग बहुतांशी एकेरी असल्याने गाडी क्रॉसिंगसाठी आडवली-विलवड्यासारख्या स्टेशनावर मध्यरात्री उभी राहते. उतरावं की बसून राहावं, हा प्रसंग लेखकाला आयता मिळतो. तिचं तिकीट तेवढं जनरलचं ठेवा. आरक्षणाच्या यादीत नाव येतं, आणि फरार बाई इतकी भोळी नसते.

पण गाडी पुढे कुठे थांबणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढच्या स्टेशनावर लोहमार्ग पोलिसांना एक फोन गेला की पाठलाग संपला, आणि तो फोन कुणी का केला नाही याचं उत्तर पटकथेला शोधत बसावं लागतं. दुसरं म्हणजे महाराष्ट्रातल्या पट्ट्यात हा मार्ग बराच आतून जातो. खिडकीत जांभ्याची कटिंगं, भातखाचरं, नद्यांवरचे पूल दिसतात. समुद्र जवळजवळ नाहीच.

माझ्यासाठी निर्णय झाला तो रीटेकवर. छोट्या स्टेशनावर गाडी एक-दोन मिनिटं थांबते. नायिका उतरताना फोकस हुकला, पदर दारात अडकला, मागच्या प्रवाशाने कॅमेऱ्यात पाहिलं, की शॉट गेला. पुढची गाडी वेगळी, उजेड वेगळा, दारातली माणसं वेगळी. फेरीचं तसं नाही. दाभोळ-धोपावे घ्या किंवा जयगड-तवसाळ, दहा-पंधरा मिनिटांत बोट पलीकडे पोचते आणि तासा-पाऊण तासाने तीच बोट, तोच रॅम्प, बहुधा तेच खलाशी पुन्हा समोर असतात. एका दुपारी त्याच शॉटचे तीन-चार टेक सहज मिळतात. मोठ्या बजेटवाल्याला याचं काही वाटणार नाही, तो अख्खी गाडी भाड्याने घेईल. छोट्या युनिटला मात्र हा फरक बाकी सगळ्या मुद्द्यांपेक्षा जड वाटतो.

पटकथेच्या अंगानेही फेरी उजवी वाटते. उत्तरेकडून येताना चार खाड्या आडव्या येतात: आगरदांडा-दिघीला राजपुरीची, बागमांडला-वेसवीला सावित्रीची, दाभोळला वाशिष्ठीची, जयगडला शास्त्रीची. ती बोटीवर चढली, तो धक्क्यावर राहिला, दोघं एकमेकांना बघतात आणि मधली दहा मिनिटं कुणालाच काही करता येत नाही. दाभोळची शेवटची फेरी चुकली तर गाडीने खेड-चिपळूणवरून गुहागरला वळसा शंभर किलोमीटरच्या वर. हे संवादात एकदा पेरून ठेवा, नाहीतर कोकणातला प्रेक्षक ‘वळसा घालून का नाही गेला?’ विचारणारच. पाण्यावरून सिग्नल लांब जातो, त्यामुळे दाभोळच्या धक्क्यावरचा फोन पलीकडचा टॉवर पकडू शकतो. फोनचा माग काढणाऱ्या पोलिसांना ती खाडी ओलांडून गेलेली दिसते आणि ती अजून अलीकडेच असते. याचा उपयोग करून घ्या.

आता फेरीचा खरा त्रास: भरती-ओहोटी. सकाळी रॅम्पला लागलेलं पाणी जेवणानंतर खाली गेलेलं असतं, चिखल उघडा पडतो आणि कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा पुढच्या शॉटशी मेळ, मोडते. ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो, बसक्या गाडीचा बंपर घासतो. उपाय किनाऱ्यावरच्या माणसांकडे आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. तास-अर्धा तास मागेपुढे धरा आणि छापील तक्त्याशी ताडून पाहा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा दुसऱ्या दिवशीचा कॉल टाइमही (युनिटने हजर व्हायची वेळ) तेवढाच पुढे ढकला. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण टाळा. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाण्याची चढउतार सगळ्यात कमी असते, आणि डिसेंबरात सूर्यही सहाच्या सुमारास मावळतो. भरलेली खाडी आणि तिरपा उजेड तेव्हा एकत्र मिळतात. शॉट राहिलाच तर पंधरवड्याने यावं. वेळा जवळपास जुळतात.

इंजिनाच्या आवाजात बोटीवरचा सिंक साउंड, म्हणजे चित्रणासोबतच टिपलेला आवाज, वापरण्याजोगा मिळत नाही. संवाद थोडे ठेवा, डबिंग धरूनच चला, आणि दोन मिनिटं नुसतं इंजिन, दोन मिनिटं नुसता धक्का रेकॉर्ड करून घ्या. धक्क्यासाठी मेरीटाइम बोर्ड, बोटीसाठी तिचा चालक आणि स्थानिक पोलीस ठाणं, अशी तिघांची परवानगी लागते. परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका: दाभोळ खाडीच्या तोंडाशी अंजनवेलचा वायू प्रकल्प आहे, जयगडला बंदर. शनिवार-रविवार, नाताळचा आठवडा आणि आंब्याचा हंगाम टाळा, तेव्हा वाहनांची रांग रस्त्यापर्यंत येते. आणि कृपा करून दाभोळच्या खलाशाच्या तोंडी ‘खंय चल्लंस गो?’ घालू नका. मालवणी खूप खाली, सिंधुदुर्गाकडे. इथली बोली वेगळी आहे, ती इथल्याच माणसाकडून लिहून घ्या.

सगळी गोष्ट एका रात्रीत, एकाच डब्यात घडत असेल तर रेल्वेच घ्यावी. तेव्हा चालत्या गाडीच्या मागे न लागता स्लीपरचा आठ बर्थचा एकच कप्पा सेट म्हणून उभारावा आणि खिडकीबाहेरून ठरावीक अंतराने दिवे फिरवावेत. काचेत कॅमेरा दिसतो. रात्री पोलरायझरचा (प्रतिबिंब कमी करणाऱ्या फिल्टरचा) फारसा उपयोग नाही, उलट दीड-दोन स्टॉप उजेड जातो, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. कॅमेऱ्यामागे काळं कापड लावणं बरं. खऱ्या फलाटावर ट्यूबलाइटखाली सेकंदाला २४ फ्रेमने चित्रण करणार असाल तर कॅमेऱ्याच्या शटरचा कोन (फ्रेमवर उजेड किती वेळ पडतो ते ठरवणारा) १७२.८ अंशांवर ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं.

दोन्हींचा मोह असेल तर तिला खेडला उतरवा. तिथून दापोलीमार्गे एसटीने दाभोळ गाठता येतं. रेल्वेचा एकच शॉट लागेल, तोही खरी गाडी न लागता: पाठीमागून सुटणाऱ्या गाडीचा आवाज आणि जिना उतरणारी ती.