बान्यूल्स: चॉकलेटशी जोडी आणि त्यापलीकडचे ताट

बान्यूल्सचे नाव निघाले की त्यापाठोपाठ चॉकलेटचे नाव हमखास येते. फ्रान्समधील या गोड लाल वाइनची ही कीर्ती खोटी नाही, मात्र ती अपुरी आहे. बान्यूल्स या एकाच नावाखाली निदान दोन वेगळ्या स्वभावांच्या वाइन विकल्या जातात आणि त्यांतली कोणती बाटली हाती आहे हे पाहिल्याशिवाय पदार्थ ठरवला, तर दोन्हींची चव वाया जाते. हा अभिप्राय एक तरुण ‘रिमाज’ (लवकर बाटलीत भरलेली बान्यूल्स) आणि एक पिंपात दीर्घकाळ मुरलेली जुन्या पद्धतीची बान्यूल्स शेजारी शेजारी ठेवून, निरनिराळ्या पदार्थांसोबत चाखून लिहिला आहे.

ही वाइन रुसियाँ प्रांताच्या दक्षिण टोकाला, स्पेनच्या सीमेलगत, कोलिऊर, पोर-वाँद्र, बान्यूल्स-सुर-मेर आणि सेर्बेर या चार गावांच्या हद्दीत तयार होते. पिरेनीज पर्वत जिथे भूमध्य समुद्राला भिडतो, तिथल्या शिस्ट खडकाच्या तीव्र उतारांवर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांचे मळे केलेले आहेत. यंत्रे बहुतेक ठिकाणी पोहोचत नसल्यामुळे द्राक्षे हातानेच तोडावी लागतात आणि जुन्या वेलींचे उत्पन्नही तुटपुंजे असते. बाटलीची किंमत चढी वाटते ती यामुळे, आणि माझ्या मते ती रास्त आहे. मुख्य द्राक्ष ग्रनाश नुआर. १९६२ पासून वेगळी मान्यता असलेल्या ‘बान्यूल्स ग्राँ क्रू’ या वरच्या दर्जाच्या वाइनमध्ये तर ते किमान ७५ टक्के असावे लागते आणि वाइन निदान ३० महिने लाकडात मुरवावी लागते.

रस आंबत असताना, यीस्टने सगळी साखर खाऊन संपवण्याआधीच त्यात द्राक्षापासूनच काढलेला सुमारे ९६ टक्के तीव्रतेचा मद्यार्क मिसळतात. यीस्ट थांबते आणि द्राक्षाची स्वतःचीच साखर शिल्लक राहते. पोर्तुगालच्या पोर्टमध्ये सुमारे ७७ टक्के तीव्रतेचा मद्यार्क बराच अधिक प्रमाणात घालतात, म्हणून तिथे मद्यार्काचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जाते. बान्यूल्स बहुधा १६ ते १७ टक्क्यांवर थांबते. हा फरक कागदावर लहान दिसला तरी जेवणाच्या टेबलावर मोठा ठरतो, कारण बान्यूल्स पदार्थावर कुरघोडी करत नाही.

रिमाज हवेपासून जपून ठेवतात आणि लवकर बाटलीत भरतात. रंग गडद जांभळट, वास काळ्या चेरीचा आणि ब्लॅकबेरीचा, आणि गोडीच्या मागे द्राक्षाच्या सालींतून उतरलेला बारीक तुरटपणा. सत्तर टक्के कोकोच्या कडू चॉकलेटसोबत हीच घ्यावी. साधी कोरडी लाल वाइन चॉकलेटशेजारी आंबट आणि कडवट लागते. इथे मात्र वाइनची साखर कोकोचा कडूपणा पेलते आणि मद्यार्क कोकोचे लोणी जिभेवरून धुऊन काढतो. मिल्क चॉकलेटशी मात्र ही जोडी साफ फसली, कारण गोड पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की वाइन पाणचट लागू लागते. पांढऱ्या चॉकलेटचे तर नावच नको.

रिमाजची खरी करामत मला चॉकलेटपेक्षा खाऱ्या पदार्थांसोबत दिसली. पिरेनीजच्या पायथ्याशी मेंढीच्या दुधापासून होणाऱ्या ओसो-इराती या चीजसोबत काळ्या चेरीचा मुरंबा खाण्याची बास्क भागात रीत आहे. तो मुरंबा बाजूला ठेवून पेल्यात रिमाज ओतली तरी तोच मेळ जमतो, शिवाय चीजचा चिकटपणाही राहत नाही. चेरीच्या रसात शिजवलेल्या बदकालाही ती शोभते. फ्वा ग्रासोबत (बदकाच्या किंवा हंसाच्या पुष्ट यकृतासोबत) ती देण्याची प्रथा मात्र मला पटली नाही; स्निग्ध पदार्थावर एवढी गोडी घेतली की दोन घासांतच मन भरते.

जुन्या पद्धतीची बान्यूल्स हवा लागू देऊन मुरवतात, कधी अर्धवट भरलेल्या पिंपांत, तर कधी थेट उन्हात ठेवलेल्या काचेच्या मोठ्या बरण्यांत. पेला तिरका धरला की कडेचा रंग विटकरी, जवळजवळ तांबूस-तपकिरी दिसतो. ताज्या फळांची जागा सुके अंजीर, अक्रोड, कॉफी आणि संत्र्याच्या सालीने घेतलेली असते. हिच्यासोबत रोकफोर हे निळ्या बुरशीचे चीज अप्रतिम लागते, तसेच वरून साखर जाळलेले क्रेम कातालान हे कस्टर्ड आणि भाजलेल्या बदामांचा टार्टही. दोन्हींत एकच निवडायची झाली, तर मी हीच निवडेन.

दोन्ही बाटल्या साधारण १४ ते १६ अंश सेल्सिअसला द्याव्यात. त्याहून गरम झाल्या की मद्यार्क नाकात चढतो आणि फळ हरवते. रिमाज उघडल्यावर थोड्या दिवसांत संपवलेली बरी. जुनीला हवेची सवय आधीच झालेली असल्यामुळे ती बूच लावून थंड जागी ठेवल्यास काही आठवडे सहज टिकते, त्यामुळे एका वेळी लहान पेलाभरच घेणाऱ्यांनी तीच विकत घ्यावी.