हायब्रिडचे ब्रेक, सांगितले 1 लाख 18 हजार अन् लागले 6,400

राजेहो, हायब्रिड गाडी (पेट्रोल इंजिन अन् बॅटरीची मोटर, दोन्ही असलेली) घेताना सगळे अ‍ॅव्हरेज विचारतात, ब्रेकचं कोणीच विचारत नाई. मीबी नाई विचारलं. कापूस वेचणीच्या धावपळीत गाडी वीसेक दिवस गोठ्यापाशीच उभी होती, काढली तं मीटरवर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टिम) अन् ब्रेकचे लाईट लागलेले, अ‍ॅव्हरेज 21 वरून थेट 16. सर्व्हिस सेंटरले नेली, तिथल्या साहेबानं चाकबी न खोलता सांगून टाकलं, अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे ब्रेकले प्रेशर देणारा पंपवाला भाग गेला, पूर्ण असेंब्ली टाका. 1 लाख 18 हजार! म्हणजे पंधरा-सोळा क्विंटल कापूस झाला ना बापा. 8 वर्षांची वॉरंटी ते बॅटरीची, ब्रेक त्यात बसत नाई.

मंग साडभाऊ म्हणे यवतमाळले आर्णी रोडवर एक मिस्त्री आहे, त्याले दाखव. दारव्ह्यावरून 40 किमी, हळूहळू नेली. टिनाचं शेड, पण स्कॅनर चांगला आहे त्याच्याकडं. बिघाडाचा कोड आला मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा. चाक खोललं तं वायर उंदरानं कुरतडलेली, तांबं उघडं, अन् बाजूले दोन सरकीचे दाणे पडलेले, मले हसावं का रडावं समजेना. उजवं चाक खोलाच्या आधी त्यानं 12 व्होल्टची बॅटरी काढून ठेवली अन् थांबला, म्हणे या गाडीत नुसतं दार उघडलं तरी पंप प्रेशर बनवते, बोट चेपन. तिथं कॅलिपरची पिन काळ्या मातीनं जाम, आतला पॅड लोखंडापर्यंत घासलेला अन् बाहेरचा जसाच्या तसा! हायब्रिडमधी बरंचसं ब्रेकिंग मोटरच करते, पॅड कमी वापरल्या जाते, म्हणून कोणी खोलून पाहतच नाई.

सेन्सर 2,600, मागचे पॅड 2,100, ब्रेक ऑइल 500, मजुरी 1,200. अ‍ॅव्हरेज परत 20-21.

पंप सारखा घर्र घर्र करत असन नाईतं पेडल खाली बसत असन तं ते माझं काम नाई, कंपनीतच न्या, हे त्यानं स्वतःच सांगितलं, मले आवडलं.

मिस्त्रीले 4 स्टार. पक्कं बिल देत नाई, दोन दिवस लावले, बसाले जुना टायर. अन् दुपारी जेवाले गेला का तीनपर्यंत शेड बंद, फोनबी उचलत नाई, सकाळीच जा.