पाय थांबवता येत नाहीत अशी सायकल: फिक्स्ड गिअरवरचे नऊ महिने

सायकल घेतल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा हादरले. छोटासा उतार होता, समोर स्पीडब्रेकर दिसला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मी पाय थांबवून सीटवरून किंचित उठले. साध्या सायकलवर एवढंच करायचं असतं. इथे पॅडल थांबलंच नाही. ताठ केलेला उजवा पाय त्याने खालून उचलला आणि मला सरळ हँडलवर ढकललं. पडले नाही, पण पुढचे दोन दिवस गुडघ्यामागची शीर ओढल्यासारखी दुखत होती. फिक्स्ड गिअर म्हणजे काय, हे त्या क्षणी कळलं. वाचून आधीच माहीत होतं, ते वेगळं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साध्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं, म्हणून पाय थांबले तरी चाक फिरत राहतं आणि कटकट आवाज येतो. फिक्स्डमध्ये हे फ्रीव्हील नसतंच. मागची दातेरी चकती, म्हणजे कॉग, थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी घट्ट बसवलेली असते. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार. सायकल मागे ढकलली तर पॅडलही उलटं फिरणार. बाकी गिअर एकच, चेन एकच, केबल जवळपास नाहीच. या सायकलबद्दल जे जे चांगलं आणि जे जे वाईट मी पुढे लिहिते आहे, ते सगळं या एकाच गोष्टीतून येतं.

आधी चांगलं सांगते, कारण त्यासाठीच मी ही सायकल अजून चालवते आहे. नऊ महिन्यांत साधारण बत्तीसशे किलोमीटर झाले. पहिला महिना नुसती झटापट होती. दुसऱ्या महिन्यात कधीतरी, सपाट रस्त्यावर, पहाटे, पाय आपोआप फिरायला लागले. पॅडल वरच्या टोकाला आलं की एरवी पायाचा जोर क्षणभर सुटतो. इथे चाकाचा वेगच पॅडलला त्या टोकावरून पुढे नेतो. त्यामुळे फेरी कशी गोल, अखंड होते. आवाज जवळजवळ नसतो, फक्त टायरची हलकी सळसळ. आणि रस्ता पायांना कळतो. रस्त्यावर बारीक वाळू असेल, डांबर ओलं असेल, तर मागच्या चाकाची पकड किंचित सैल झालेली तळपायाला आधी जाणवते, डोळ्यांना नंतर. गिअरच्या सायकलवर मला हे कधीच जाणवलं नव्हतं.

दुसरा बदल डोळ्यांत झाला. पूर्वी मी समोरच्या गाडीपर्यंत बघायचे. आता तिच्या पुढच्या दोन गाड्या, त्यापुढचा सिग्नल, कडेला उभ्या गाडीत कुणी दार उघडण्याच्या बेतात आहे का, हे सगळं बघते. कारण वेग कमी करायचा तर पायांनी हळूहळू मागे रेटत आणावा लागतो आणि त्याला अंतर लागतं. घाईने चालवणाऱ्या माणसाची ही सायकल आहे अशी समजूत आहे. माझा अनुभव उलट आहे. ती मला सावकाश आणि लांबचा विचार करायला लावते.

आता गिअरचं. एकच गिअर असल्यामुळे तो कोणता घ्यायचा हा या सायकलवरचा सगळ्यात मोठा निर्णय, आणि मी तो आधी चुकीचा घेतला. सायकल आली तेव्हा पुढे ४८ दाते होते, मागे १६. कागदावर वेगवान. पण सिग्नलवरून सुटताना प्रत्येक वेळी उभं राहून जोर लावावा लागायचा आणि सहा आठवड्यांत उजवा गुडघा पुढून दुखायला लागला. मग ४६ आणि १७ केले. आता पॅडलच्या एका फेरीत सायकल साधारण पावणेसहा मीटर जाते. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी तीस किलोमीटरच्या आसपास. हा वेग मला पुरतो. पण चढावर ताशी दहावर आले की मिनिटाला जेमतेम तीस फेऱ्या होतात, म्हणजे प्रत्येक पॅडल जिना चढल्यासारखं दाबावं लागतं. उतारावर ताशी चाळीस झाले की फेऱ्या ११५च्या वर जातात आणि सीटवर बसल्या बसल्या कंबर उडायला लागते. चढ आणि उतार दोन्ही रोजचे असतील, तर हे दोन आकडे घेण्याआधी करून बघा.

४८-१६ मध्ये आणखी एक गोम होती. पाय आवळून मागचं चाक घसरवत थांबणं, ज्याला स्किड म्हणतात, ते बहुतेक सगळे शिकतात. मीही शिकले. ४८ ला १६ ने बरोबर तीनदा भाग जातो, म्हणून पाय दर वेळी एकाच जागी आवळला की टायरची तीच एक जागा रस्त्यावर घासते. माझं पहिलं मागचं टायर चार महिन्यांत त्या एका पट्ट्यावर धाग्यापर्यंत गेलं, बाकी टायर नव्यासारखं. ४६-१७ मध्ये भाग जात नाही, त्यामुळे झीज १७ जागांवर वाटली जाते. दुसरं टायर अजून ठीक आहे. आता मी स्किड गरजेपुरताच करते. घसरणाऱ्या चाकाची पकड फिरणाऱ्या चाकापेक्षा कमी असते, म्हणजे दिसायला जोरदार असलं तरी थांबायला अंतर जास्तच लागतं.

यावरून ब्रेकचा विषय, आणि इथे मी ठाम आहे. पुढचा ब्रेक नसलेली फिक्स्ड सायकल रस्त्यावर आणू नका. बिनब्रेकची सायकल वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या गोल ट्रॅकवर असते, कारण तिथे सगळे एकाच दिशेने जातात, आडवं कुणी येत नाही आणि पुढच्यालाही ब्रेक नसतो, त्यामुळे तो अचानक थांबत नाही. रस्त्यावर यातलं एकही खरं नाही. थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं. म्हणून नुसत्या मागच्या चाकाने मिळणारा रोध पुढच्या ब्रेकच्या निम्माच धरायचा. एकदा पावसात एक लहान मुलगा चेंडूमागे रस्त्यावर आला. पाय आवळले, मागचं चाक ओल्या डांबरावर सरळ घसरत राहिलं, वेग कमी झाल्यासारखा वाटेना. पुढचा ब्रेक दाबला तेव्हा थांबले, त्याच्यापासून हातभर अंतरावर. त्यानंतर ब्रेक काढून सायकल 'स्वच्छ' दिसते असं कुणी म्हणालं की मला राग येतो.

पाचव्या महिन्यात सगळ्यात वाईट प्रसंग घडला. वळणाआधी वेग कमी करायला पाय मागे रेटले आणि पाय एकदम मोकळे सुटले. कॉग हबवर गरकन फिरला होता. कॉग सरळ आट्यांवर बसतो, त्यामुळे पुढे पॅडल मारताना तो आणखी आवळला जातो आणि मागे रेटताना सुटायला बघतो. तो सुटू नये म्हणून त्याच्यावर उलट्या आट्यांची लॉकरिंग असते. कॉग सुटायला लागला की त्याच फिरण्याने ती घट्ट व्हायला हवी. गिअर बदलताना ज्याने कॉग बसवून दिला, त्याने लॉकरिंग नुसती हाताने फिरवून ठेवली होती. हबचे आटे गेले आणि हब बदलावा लागला. आता मी लॉकरिंगचा पाना घरी ठेवते. कॉग बसवल्यावर चढावर जोर लावून पॅडल मारायचं, मग लॉकरिंग पुन्हा आवळायची. हे दोनदा करायचं. साध्या फ्रीव्हीलच्या हबवर गोंद लावून कॉग बसवून देणारेही भेटतात. त्यात लॉकरिंगची सोयच नसते. सायकलवाल्यांत त्याला 'सुसाइड हब' म्हणतात, ते नाव खरं धरा.

चेनचंही तसंच. साध्या सायकलची चेन पडली तर हात काळे होतात, विषय संपला. इथे चेन उतरली तर मागचा रोध गेला, आणि ती कॉग आणि फ्रेमच्या मध्ये अडकली तर चालतं चाक जाम. म्हणून मी दर रविवारी चेनचा ताण बघते. मधोमध बोटाने दाबली की साधारण एक सेंटीमीटर हलायला हवी. पण एकाच जागी बघून भागत नाही. पुढची चकती पूर्ण गोल नसते, त्यामुळे क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, हळूहळू फिरवत सगळ्यात ताठ जागा शोधायची आणि तिथे मोजायचं. आणि चाक फिरत असताना चेन फडक्याने पुसू नका. फडकं ओढलं गेलं तर बोटही जातं, इथे चाक मध्येच थांबत नाही. बोटं तुटल्याची उदाहरणं आहेत. पँटचा पाय आणि बुटाची नाडी यांनाही हेच लागू.

वळणावरही सावध. साध्या सायकलवर आतल्या बाजूचं पॅडल वर धरून झुकता येतं, इथे ते खाली येणारच. माझं दोनदा रस्त्याला घासलं, एकदा मागचं चाक उचललं गेलं. तेव्हापासून १७० ऐवजी १६५ मिलिमीटरचे क्रँक लावलेत. फरक पाच मिलिमीटरचा, पण वळणावर कळतो. पायांना पट्टे हवेतच. उतारावर पाय सुटला तर गरगर फिरणाऱ्या पॅडलवर तो परत ठेवता येत नाही.

देखभाल मात्र सोपी. डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, नाही, केबल ताणणं नाही, पावसाळ्यात गिअर अडकणं नाही. आठवड्याला वीस मिनिटं पुरतात.

माझ्या मागच्या चाकाच्या दुसऱ्या बाजूला १८ दात्यांचं फ्रीव्हील आहे. चाक उलटं करून बसवलं की साधी एका गिअरची सायकल होते. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत १९३७ पर्यंत डिरेलरला परवानगी नव्हती, तेव्हा चढ आला की स्पर्धक उतरून असंच चाक उलटं करून दुसऱ्या दात्यांवर जायचे. मी ते गुडघा दुखत असला की करते, किंवा मोठ्या उताराचा रस्ता असला की. मात्र तेव्हा मागे रेटून काही होत नाही, म्हणून मागचाही ब्रेक लावून घेतला आहे. पहिलीच फिक्स्ड घेणार असाल तर असा दोन्ही बाजूंचा हब मागा.

बेल्जियमचा शर्यतपटू एडी मर्क्स याने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर काटले, ते फिक्स्डवरच. संपूर्ण तास पाय थांबवायची सोय नाही. पूर्वी हा आकडा मी नुसता वाचला होता. आता सलग चाळीस मिनिटं चालवून उतरले की पाय जमिनीवरही फिरू बघतात, आणि पुढच्या वीस मिनिटांचा अंदाज येतो.

गुडघ्याचं जुनं दुखणं असेल, घाटात राहत असाल किंवा मागे मूल बसवून न्यायचं असेल, तर घेऊ नका. सपाट भाग असेल आणि रोजचा रस्ता दहा-पंधरा किलोमीटरचा असेल, तर कुणाची तरी मागून महिनाभर चालवून बघा. पहिल्या आठवड्यात ठरवू नका, तेव्हा ती कुणालाच आवडत नाही. मी गिअरची सायकलही ठेवली आहे, लांबच्या डोंगरी फेऱ्यांसाठी. परवा तिच्यावर बसले आणि पहिल्याच वळणाआधी, ब्रेक दाबायच्या आत, पाय आपोआप मागे रेटायला लागले.