दीर्घकालीन थकव्यासाठी विषाणूरोधक कॅप्सूल: क्वेर्सेटिन, हिरव्या चहाचा अर्क, कर्क्युमिन की रेस्वेराट्रॉल?

एपस्टाईन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यावर ताप उतरतो, गळ्यातील गाठीही बसतात, पण काही जणांचा थकवा महिनोन्महिने हटत नाही. हा थकवा सहा महिन्यांहून अधिक टिकला, झोपेने भरून निघाला नाही आणि थोड्याशा श्रमानंतरही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बळावू लागला, तर वैद्यकात ज्याला एमई/सीएफएस म्हणतात त्या विकाराची शंका घेतली जाते. सुरुवात विषाणूने झाली असेल तर विषाणू मारल्यावर थकवा जाईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय या रुग्णांत ऑक्सिडीकरणाचा ताण वाढल्याच्या खुणा काही अभ्यासांत आढळल्या आहेत. वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंट दोन्ही कामे एकदम करील, ही आशा या दोन गोष्टींच्या जोडीतून जन्मली आहे. निवड करण्यापूर्वी ही जोडी सोडवून पाहणे आवश्यक आहे.

विषाणू मारण्याचा प्रयोग खऱ्या औषधाने पूर्वीच झाला आहे. असायक्लोव्हिर हे नागीण-कुळातील विषाणूंवरचे (एपस्टाईन-बार याच कुळातला) सिद्ध औषध 1988 मध्ये दीर्घकालीन थकव्याच्या 27 रुग्णांवर तपासले गेले, तेव्हा ते बनावट गोळीपेक्षा सरस ठरले नाही. चाचणी लहान होती, हे मान्य. तरीही नेमक्या विषाणूवर नेम धरणाऱ्या औषधाला जे दाखवता आले नाही, ते वनस्पतीच्या अर्काकडून अपेक्षिताना पुराव्याची मागणी कडकच असायला हवी.

येथे प्रयोगशाळेतील काचपात्र आणि माणसाचे शरीर यांतील अंतर आड येते. सिलिमरिन या मिल्क थिसल वनस्पतीच्या अर्काचेच पाहा. त्यातील सिलिबिनिन शिरेतून दिले असता हेपाटायटिस सी विषाणूचे रक्तातील प्रमाण घटते; पण 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 154 रुग्णांच्या चाचणीत नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेतील सिलिमरिनच्या तोंडाने घेतलेल्या गोळ्यांनी यकृताच्या चाचण्या सुधारल्या नाहीत. आतडे आणि यकृत हे अर्कातील रेणू इतक्या झपाट्याने बदलून टाकतात की पेशींपर्यंत मूळ रेणू फारसा पोचतच नाही.

या कसोटीवर चौघांत क्वेर्सेटिन मला सर्वांत कमी धोक्याचे वाटते. कांदा आणि सफरचंद यांतून ते नेहमी पोटात जातेच. काचपात्रात ते फ्लू आणि सर्दीच्या विषाणूंना आवर घालते. मात्र सुमारे 1,000 प्रौढांना रोज 500 किंवा 1,000 मिलिग्रॅम असे 12 आठवडे दिल्यावर श्वसनमार्गाच्या वरच्या भागातील संसर्गाचे एकूण प्रमाण घटले नाही. ती माणसे थकव्याची रुग्ण नव्हती, म्हणून हा पुरावा आडवळणाचा आहे, पण दाव्याच्या बाजूचा नक्कीच नाही. वॉरफॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) किंवा सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्वेर्सेटिन सुरू करू नये.

हिरव्या चहाच्या अर्काचा विषाणूरोधक दावा कागदावर सर्वांत भक्कम आहे, कारण त्यातील कॅटेचिनांपासून बनवलेल्या मलमाला जननेंद्रियांवरील चामखिळींसाठी, म्हणजे एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या विकारासाठी, अमेरिकेत 2006 मध्ये औषध म्हणून मान्यता मिळाली. मात्र मलम थेट त्वचेवर लागते, तर कॅप्सूल यकृतातून जाते, आणि नेमका तेथेच तिचा दोष आहे: पूरकांतून रोज 800 मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी (हिरव्या चहातील मुख्य कॅटेचिन) घेतल्यास यकृताची विकरे वाढू शकतात, असा निष्कर्ष युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये काढला. उपाशीपोटी घेतल्यास रक्तातील पातळी आणखी चढते. उभे राहताच हृदयाचे ठोके वाढतात म्हणून नॅडोलोल घेणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे, कारण हिरवा चहा त्या औषधाचे शोषण बरेच घटवतो. प्यालाभर चहा वेगळा आणि अर्क वेगळा; अर्क मी या यादीतून वगळीन.

हळदीतील कर्क्युमिनचे शोषण इतके कमी होते की उत्पादक त्यात मिरीतील पायपरिन मिसळतात. 1998 च्या एका छोट्या प्रयोगात 20 मिलिग्रॅम पायपरिनमुळे कर्क्युमिनची रक्तातील उपलब्धता 20 पट वाढली. तोच पायपरिन इतर औषधांचे विघटनही मंदावतो, आणि अशा जोडउत्पादनांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सांधेदुखी हे कारण असेल तर त्याचा विचार करता येईल, विषाणूसाठी नाही. द्राक्षांच्या सालीतील रेस्वेराट्रॉलबद्दल थोडक्यात सांगायचे तर ते शोषले जाते, पण लगेच रूपांतरित होते, आणि पेशींवरील एका प्रयोगात त्याने हेपाटायटिस सी विषाणूची वाढ उलट वाढवली.

थकव्याच्या रुग्णांवरच झालेली वनस्पतिजन्य पॉलिफेनॉलची (वरील चौघे ज्या अँटिऑक्सिडंट गटात मोडतात त्याची) एक चाचणी उल्लेखनीय आहे: 2010 मध्ये 10 रुग्णांना आठ आठवडे कोकोच्या पॉलिफेनॉलने समृद्ध चॉकलेट दिले असता थकव्याचे गुण सुधारले. दहा जणांवरून मत बनवता येत नाही, आणि त्या चाचणीत विषाणूचा प्रश्नही नव्हता.

एवढे असूनही कोणाला प्रयोग करायचाच असेल, तर मी एका वेळी एकच पूरक, जेवणासोबत, आठ आठवड्यांसाठी निवडायला सांगेन. आधी दोन आठवड्यांची नोंदवही हवी. मंगळवारी आंघोळ करून केस धुतले, गुरुवारी अंथरुणातून उठता आले नाही, शुक्रवारी पहिली कॅप्सूल घेतली आणि रविवारी बरे वाटू लागले, तर सगळे श्रेय कॅप्सूलला मिळते, वास्तविक तो त्रास ओसरण्याची वेळच झालेली असते. म्हणून रोजचे श्रम, झोप आणि उभे राहण्याचे तास आधीच लिहून ठेवावेत, यकृताची विकरे सुरुवातीला व चौथ्या आठवड्यात तपासावीत, आणि लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळसर दिसले तर त्याच दिवशी कॅप्सूल थांबवून डॉक्टरांना गाठावे.