नोरी, वाकामे की कोंबू: पहिलं पाकीट कुठलं घ्यावं?

घरात आयोडीनयुक्त मीठ वापरत असाल, तर समुद्री शेवाळ आयोडीनसाठी विकत आणायची गरज नाही. चवीसाठी आणा. पाकिटावरची ‘सुपरफूड’ वगैरे भाषा बाजूला ठेवली की निवड बरीच सोपी होते. आयात मालाच्या दुकानांत आणि घरपोच किराण्याच्या अ‍ॅपवर पुण्यात मुख्यतः तीन प्रकार दिसतात, आणि तिघांचं काम अगदी वेगळं आहे.

नोरी म्हणजे सुशीभोवतीचा काळपट हिरवा कागद. वाळलेल्या नोरीत वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास प्रथिनं असतात हे खरं, पण अख्खी शीट जेमतेम ३ ग्रॅमची. म्हणजे हाती लागलं साधारण १ ग्रॅम प्रथिन; त्यापेक्षा मूठभर फुटाणे खा. बी-१२ चंही तेच. नोरीत ते सापडतं, पण त्यातलं शरीराला नेमकं किती उपयोगी पडतं यावर तज्ज्ञांत एकमत नाही, तेव्हा शाकाहारी माणसानं नोरीच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नये. चवीला मात्र नोरी झकास. तव्यावर काही सेकंद शेकून पापडासारखी चुरायची आणि तूप घातलेल्या गरम भातावर किंवा दहीभातावर टाकायची. पावसाळ्यात उघडं पाकीट लगेच सादळतं, म्हणून घट्ट झाकणाचा डबा हवाच. मसाला लावलेल्या नोरीत माशाचा अर्क असू शकतो. हिरवा ठिपका बघून घ्या.

वाकामे सूप आणि कोशिंबिरीसाठी. पाच-दहा मिनिटं पाण्यात ठेवलं की कितीतरी पटीनं फुगतं, त्यामुळे चिमूटभरच भिजवा. खारटपणा जायला एकदा धुऊन, पिळून घ्या. काकडी, तीळ, लिंबू यांच्याशी छान जमतं. बुळबुळीतपणा मात्र राहतो. भेंडीच्या तारेनं नाक मुरडणाऱ्यांच्या घरी हे पाकीट तसंच पडून राहील. कॅल्शियमची जाहिरात खोटी नाही, पण एका वाटीपुरत्या वाकाम्यातून एक कप दुधाच्या जवळपासही कॅल्शियम मिळत नाही.

कोंबू म्हणजे शेवाळाचं जाड, वाळवलेलं पान. त्याचं प्रकरण खरं रंगतदार, आणि जपून वागण्याचंही. १९०८ मध्ये तोक्योतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्याच पाण्यातून ग्लुटामेट हा चव देणारा घटक वेगळा काढला आणि त्याच्या रुचकर, भरीव चवीला ‘उमामी’ म्हटलं. आपल्याकडे कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या स्वयंपाकात आमटीला खोली आणायला हे पाणी फार उपयोगी. लिटरभर पाण्यात साधारण १० ग्रॅम कोंबू रात्रभर भिजवा, मंद तापवा आणि उकळी फुटण्याआधी काढून घ्या. पानावरची पांढरी भुकटी बुरशी नसते, धुऊ नका. ओल्या फडक्यानं हलकं पुसलं की पुरे.

आता सावधगिरी. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. नोरीच्या एका शीटमधून त्यातलं निम्म्याच्या आसपास मिळतं. कोंबूच्या एका ग्रॅममध्ये २००० मायक्रोग्रॅमहून जास्त असू शकतं! शिवाय पान बाहेर काढलं म्हणून सुटका होत नाही, कारण आयोडीन पाण्यात उतरलेलं असतं. म्हणून कोंबूची आमटी कधीतरीच, रोज नाही. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोंबू घेऊच नये. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवण्याचं औषध) घेणाऱ्यांनी नोरी-वाकाम्यातल्या ‘के’ जीवनसत्त्वाबद्दलही विचारून घ्यावं.

माझं मत विचाराल तर पहिलं पाकीट साध्या, बिनमसाल्याच्या नोरीचं घ्या. आवडलं नाही तरी भातावर चुरून संपतं. सूप वारंवार होत असेल तर पुढं वाकामे. कोंबू हा हौशी स्वयंपाक्याचा माल. तयार ‘दाशी’ (जपानी सूपचं मूळ पाणी) पावडर हा त्याचा पर्याय म्हणून घेताना शाकाहाऱ्यांनी लेबल जरूर वाचावं, कारण तिच्यात बहुतेकदा सुका मासा असतो. पुडिंग घट्ट करायचं असेल तर यांतलं काहीच नको, वाण्याकडचं चायना ग्रास पुरे. तेही शेवाळापासूनच होतं, फक्त त्याला स्वतःची चव नाही.

आणि हिजिकी नावाचं काळं, बारीक शेवाळ कुठे दिसलं तर सोडून द्या. त्यात असेंद्रिय आर्सेनिक जास्त असतं आणि ब्रिटनच्या अन्न नियामक संस्थेनंही ते खाऊ नका असा सल्ला दिला आहे.