वाचनालय चांगलं, पण आठ पानं कुठायत?

सोलापुरात आमच्या पूर्व भागातल्या एका छोट्या वाचनालयाबद्दल लिहितेय. नाव देत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि वाचनालयाच्या काकांकडे मला उद्या परत जायचंय.

अनामत 300, महिन्याला 50, एका वेळी दोन पुस्तकं. खोली पिठाच्या गिरणीवर. जिना एवढा उभा की अम्माला चढवतच नाही. मी टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिते, पावणेआठला सुटते. आठला यांचं शटर खाली. म्हणजे रोज पळापळ.

पाकिस्तानातल्या मलाला युसुफझाईचं पुस्तक काकांनीच हातात ठेवलं. "अम्माला वाचून दाखव," म्हणाले. अम्मा विडी वळते, दिवसाला हजार. हात पानात गुंतलेले, कान मोकळे. आमच्या घरात तेलुगू. मी मराठीत वाचायची, अम्मा मध्येच थांबवून तेलुगूत विचारायची. मलालाच्या घरी पश्तो आणि तिची 2009 ची रोजनिशी बीबीसी उर्दूसाठी, हे ऐकून ती खूश. "आपल्यासारखंच की!"

रोजनिशीवर नाव गुल मकई. खरं का नाही लिहिलं, तर 15 जानेवारीपासून स्वातमधल्या मुलींच्या शाळा बंद, असं तालिबानचं फर्मान होतं, खरं नाव लिहिणं धोक्याचं. आणि बाप झियाउद्दीन तर स्वतःच शाळा चालवणारा. अम्माचा जीव मात्र अडकला मलालाच्या आईत. तूर पेकई लहानपणी शाळेत गेली खरी, पण नात्यातल्या बहिणी घरी खेळतात म्हटल्यावर हिनं पुस्तकं विकली आणि त्या पैशांच्या गोड गोळ्या खाल्ल्या. अम्माची कात्री थांबली. ती स्वतः तिसरीपर्यंत शिकली, मग सूप मांडीवर आलं.

"गोळ्या तरी मिळाल्या तिला," एवढंच म्हणाली आणि पुढचं पान कापायला घेतलं.

आता तक्रार. 9 ऑक्टोबर 2012. शाळेची गाडी, मुली परीक्षा देऊन घरी निघालेल्या, एक माणूस आत डोकावून विचारतो, मलाला कोण? मी पान उलटलं, तर मलाला थेट इंग्लंडात, बर्मिंगहॅमच्या दवाखान्यात! मधली आठ पानं गायब. अम्मा ओरडली, "सोबतच्या पोरींचं काय झालं?" फोनवर शोधून सांगितलं की त्या माणसानं मलालावर बंदूक चालवली तेव्हा शाझिया आणि कायनात, दोघींनाही गोळ्या लागल्या होत्या, दोघी वाचल्या. मगच जेवायला उठली.

काकांना विचारलं, तर म्हणाले, "शेवटच्या पानावर लिहिलंय की." बघितलं. पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात: 8 पाने नाहीत. अहो काका, पुस्तक नेताना शेवटचं पान कोण बघतं?

पण माणूस दिलदार. सतरा दिवस उशीर झाला, दंड घेतला नाही. मुलांचं कपाट तर फार छान लावलंय, खालच्या दोन फळ्या तेलुगू पुस्तकांच्या. शाळा सुटल्यावर परकऱ्या पोरी तिथंच फरशीवर बसून वाचतात, त्यांच्याकडून पैसे घेत नाहीत.

मलालाचं 2014 चं शांततेचं नोबेल, कैलाश सत्यार्थींसोबत, तेव्हा ती अवघी 17 वर्षांची, हे सगळं मी एका बैठकीत वाचून संपवलं. अम्माला त्यात फारसा रस नव्हता. तिला परत ती गोड गोळ्यांची गोष्ट हवी होती, म्हणून पुस्तक अजून आठ दिवस ठेवून घेतलंय.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा जिन्यासाठी कापला, एक त्या आठ पानांसाठी.